ससा घरी येण्यापूर्वी

मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्तीने वणव्याच्या वेळी एका सशासाठी अडीच दिवस पाय अधांतरी धरला, ही कथा मुले पाठशाळेत ऐकतात आणि घरी येऊन ससाच मागतात. हट्ट पुरवण्यास हरकत नाही. पण घराची तयारी आधी हवी.

तीही पायापासूनच सुरू होते. कुत्र्या-मांजरासारखी सशाच्या तळपायाला गादी नसते, केवळ दाट केस असतात. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात त्याच्या टाचांना जखमा होतात. म्हणून टुमदार पिंजऱ्यापेक्षा खोलीचा सावलीतला कोपरा गवती चटई अंथरून त्याला द्यावा. 30 अंशांपलीकडचा उष्मा त्याला सोसत नाही, तेव्हा उन्हाची गॅलरी नको. दात आयुष्यभर वाढत असल्याने तो विजेच्या वायरी कुरतडणारच. रागावण्यापेक्षा त्या उंचावर न्याव्यात. कण्हेरीची कुंडीही हलवावी.

अन्न म्हणजे मुख्यतः सुके गवत, तेही अहोरात्र समोर. पोळी, भात, बिस्किटे मुळीच नकोत. गाजराची महती चित्रपुस्तकांतली. त्यातील साखर त्याला फारशी मानवत नाही. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरात सशाचे काहीच अडत नाही!

ससा दुखणे लपवतो. अर्धा दिवस त्याने तोंडात काही घेतले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर उद्याची वाट पाहून चालत नाही. सशांवर उपचार करणारा पशुवैद्य गावात आहे का, याची चौकशी ससा आणण्याआधीच करावी.