पेग स्वस्त, बँक महाग

मार्च २०१८. येस बँकेचा शेअर तीनशे रुपयांच्या घरात, प्रतिशेअर कमाई १८ रुपयांहून थोडी जास्त; म्हणजे पीई सोळा-सतरा. वर्षभरात नफा ३,३३० कोटींवरून ४,२२५ कोटींवर गेलेला, वाढ २७ टक्के. पीईला या वाढीने भागलं की पेग निघतो : सुमारे ०.६. पेग एकाच्या खाली असेल तर शेअर स्वस्त, हा ठोकताळा लोकप्रिय केला अमेरिकी फंड व्यवस्थापक पीटर लिंच यांनी, १९८९च्या पुस्तकातून. त्या हिशेबाने येस बँक म्हणजे लूटच होती!

दोन वर्षांनी, ५ मार्च २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले. खात्यातून ५० हजारांपेक्षा जास्त काढता येईना. त्या आर्थिक वर्षाचा तोटा १६,४१८ कोटी.

भागाकार बरोबरच होता. गोची होती ती छेदात. बिस्किटांच्या कारखान्याला वाढ दाखवायची तर माल खपवावा लागतो. बँकेचा माल म्हणजे पैसा, आणि त्याला गिऱ्हाईक कधीच कमी नसतं. दुसरं कुणी दारात उभं करत नाही अशा बिल्डरला शंभर कोटी दिले, की प्रक्रिया शुल्क लगेच उत्पन्नात जमा होतं, व्याजही धरलं जातं. मुद्दल बुडालं हे कळायला मात्र तीन-चार वर्षं जातात. तोवर हात जितका सैल, तितका नफा फुगतो आणि पेग आणखी देखणा दिसतो.

स्टेट बँकेचं उदाहरण तर गमतीचं. २०१८-१९मध्ये नफा ८६२ कोटी, पुढच्या वर्षी १४,४८८ कोटी. या वाढीने भागलं तर पेग जवळपास शून्य! बँक काही वर्षात सतरापट झाली नव्हती. आदल्या वर्षीचा नफा बुडीत कर्जांच्या तरतुदींनी खाल्ला होता, इतकंच.

म्हणून जाणकार बँकेचा भाव पुस्तकी मूल्याशी ताडतात आणि थकीत कर्जांचं पान आधी उघडतात. येस बँकेचं ते पान उघडंच होतं. २०१६-१७साठी तिने २,०१८ कोटींची थकबाकी दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आकडा निघाला ८,३७४ कोटी. ही तफावत ऑक्टोबर २०१७मध्ये जाहीर झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये शेअर चारशेपार गेला.