घड्याळ रेषेवर, लॅपटॉप मांडवात

मॅरेथॉनच्या अंतिम रेषेच्या बाजूला मांडवात एक लॅपटॉप उघडा असतो. पळून आलेली माणसं घाम पुसत थेट त्याच्याकडे वळतात. ‘माझं टायमिंग किती आलं?’ पडद्यावर नाव, बिब नंबर आणि वेळ दिसते, त्यामुळे ती लॅपटॉपनंच मोजली असा समज होतो. खरं तर लॅपटॉपला ती वेळ कळवलेली असते. मोजणारं यंत्र पाच-दहा पावलांवर, रेषेच्या कडेला ठेवलेल्या पेटीत असतं. त्या पेटीचं स्वतःचं घड्याळ असतं आणि स्वतःची स्मृती असते. पेटीतून लॅपटॉपपर्यंत येणाऱ्या वायरीकडे कुणाचंच लक्ष नसतं, पण निकालावर विश्वास ठेवायचा की नाही हे बरंचसं त्या जोडणीवर ठरतं.

मिरा-भाईंदरमध्ये हा विषय आता परका राहिलेला नाही. रविवारी पहाटे भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनच्या दिशेनं पळणारे घोळके दिसतात. त्यांतले कित्येक जण खाडीपलीकडच्या वसई-विरार महापौर मॅरेथॉनची तयारी करत असतात. ती २०११ साली सुरू झाली. काही जण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पळतात. तिची पहिली शर्यत १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. त्यामुळे बिबच्या मागची चिकटवलेली चिप इथल्या अनेक घरांत कपाटावर, पदकांच्या शेजारी सापडेल. या चिपची भावंडं दहिसर नाक्यावर गाड्यांच्या काचांवर दिसतात. फास्टॅग आणि आजची बिबवरची चिप यांचं तंत्र एकच आहे, आणि भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा ठेवलेला आहे. चिपमध्ये बॅटरी नसते. रेषेवरच्या मॅटमधला अँटेना तिला रेडिओलहरींतून ऊर्जा देतो आणि ती आपला क्रमांक परत सांगते.

पण वेळ मोजण्याची खरी शिस्त पाहायची तर बर्फाकडे जावं लागतं. डोंगरउतारावरच्या स्की शर्यतीत स्पर्धक एकेक करून सुटतात. वर सुरुवातीच्या फाटकात गुडघ्याखाली एक आडवी दांडी असते. पाय पुढे गेला की ती ढकलली जाते आणि विजेचा इशारा जातो. खाली रेषेवर फोटोसेलचा अदृश्य किरण असतो. तो कापला गेला की दुसरा इशारा जातो. मधलं अंतर एक-दोन किलोमीटरचं असू शकतं, म्हणून वरचा इशारा तारेनं खाली आणतात. पहिला खाली पोहोचण्याआधी दुसरा सुटलेला असतो, तेव्हा स्टॉपवॉचसारखं शून्यापासून सुरू होणारं घड्याळ इथं चालत नाही. टायमर प्रत्येक इशाऱ्याला दिवसाची वेळ लावतो: अमुक वाजून इतकी मिनिटं, इतके सेकंद आणि सेकंदाचा निदान हजारावा भाग. खालच्या वेळेतून वरची वजा केली, शतांशापुढचे अंक गाळले, की निकाल तयार.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे नियम एका टायमरच्या भरवशावर राहत नाहीत. मोठ्या स्पर्धेत दोन यंत्रणा लागतात. त्यांचा एकमेकींशी विजेचा संबंध असू नये, आणि शर्यतीआधी एकाच इशाऱ्यावर दोघींची घड्याळं जुळवलेली असावीत. दोन्ही आपापल्या कागदी पट्टीवर नोंद छापत राहतात. पहिली बंद पडली तर दुसरीची वेळ घ्यायची. दोन्ही चुकल्या तर हातानं घेतलेली वेळ वापरायची, पण तशीच्या तशी नव्हे. दहा स्पर्धकांच्या हाताच्या आणि यंत्राच्या वेळांमधला सरासरी फरक काढून ती आधी दुरुस्त करायची. एवढ्या सगळ्या उतरंडीत मोजणारा म्हणून संगणकाला कुठेच जागा नाही.

संगणक लागतो तो पुढच्या कामाला. कोणता नंबर कुणाचा, कुणाचा गट कोणता, क्रम काय, दोन फेऱ्यांची बेरीज किती, फलकावर काय झळकवायचं, हे सगळं तो सांभाळतो. त्यासाठी टायमरची नोंद त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी. इथं अजून चालतो तो नऊ पिनांचा सीरियल पोर्ट. त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. घरातल्या संगणकांवरून तो पोर्ट कधीच गायब झाला, तरी कालमापनाच्या यंत्रांवर टिकून राहिला, कारण त्याचं काम साधं आहे. टायमर साध्या अक्षरांत एक ओळ पाठवतो: स्पर्धक क्रमांक १७, चॅनेल १, १०:४२:१५.३८७. संगणकानं ती वाचायची, बस. ९६०० बॉडच्या वेगानं सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. म्हणजे पंचवीस अक्षरांची ओळ सेकंदाच्या चाळिसाव्या भागात पोहोचते.

जोडताना अडतं ते याच साधेपणात. दोन्ही बाजूंचा बॉड रेट जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटते. केबलमधली पाठवणारी आणि घेणारी तार जिथं उलटसुलट हवी तिथं सरळ असली तर काहीच उमटत नाही. नव्या लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो. तो आज या खाचेत आणि उद्या त्या खाचेत घातला की विंडोज त्याला वेगळा कॉम नंबर देऊ शकतं. मग प्रोग्राम जुन्या नंबरावर वाट पाहत बसतो आणि यंत्र बिघडलं अशी ओरड होते. आरएस-२३२ ची केबल ढोबळमानानं पंधरा मीटरपर्यंतच भरवशाची. मांडव त्याहून लांब असेल तर नेटवर्कची केबल किंवा रेडिओ मोडेम घ्यावा. चार सीरियल केबल एकमेकींना जोडून अंतर वाढवू नये. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. उत्तन काय किंवा खाडीकाठचा पट्टा काय, धातूच्या पिनांवर हिरवट थर चढायला फार काळ लागत नाही, आणि हलका संपर्क शर्यतीच्या मध्यावरच तुटतो.

ओळ उशिरा पोहोचली तरी बिघडत नाही, कारण वेळ त्या ओळीच्या आत लिहिलेली असते. दोन सेकंदांनी आली, मधे वायर निघाली आणि दहा मिनिटांनी टायमरच्या स्मृतीतून पुन्हा मागवली, तरी १५.३८७ हे १५.३८७ च राहतं. उलट एखाद्यानं असा प्रोग्राम लिहिला की फोटोसेलचा इशारा थेट संगणकात घ्यायचा आणि तो ‘आला’ तो क्षण टिपायचा, तर त्या आकड्यात संगणकाची सगळी लगबग मिसळते. काही यूएसबी कन्व्हर्टर मूळ सेटिंगमध्ये आलेली अक्षरं १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवतात. त्याच वेळी पाठीमागं अपडेट उतरत असेल तर उशीर आणखी वाढतो, आणि दर वेळी तो सारखा नसतो. शिवाय संगणकातला स्फटिक साधा असतो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद. चांगल्या टायमरचा स्फटिक तापमानाप्रमाणे स्वतःला सावरतो. त्याची चूक दहा लाखांत एक भाग धरली तर तासाला ३.६ मिलिसेकंद. शतांशाच्या खेळात हा फरक फार मोठा आहे.

शतांश किती मोठा असतो हे खेळाडूंनी भोगलेलं आहे. लेक प्लॅसिडच्या १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा किलोमीटरच्या क्रॉसकंट्री स्कीइंगमध्ये स्वीडनचा थॉमस वासबर्ग फिनलंडच्या युहा मिएटोच्या पुढे राहिला तो एका शतांशानं. एक्केचाळीस मिनिटांहून जास्त चाललेली शर्यत एवढ्याशा फरकावर ठरली आणि त्यानंतर त्या प्रकारात वेळ दशांशापर्यंतच धरायचं ठरलं. मला तो निर्णय फार समंजस वाटतो. यंत्राला जे मोजता येतं ते सगळं खेळाच्या दृष्टीनं अर्थपूर्ण असतंच असं नाही, हे खेळ चालवणाऱ्यांनी उघडपणे मान्य केलं. सोची २०१४ मध्ये स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आणि स्लोव्हेनियाची टीना माझे या दोघींची डाउनहिलची वेळ १:४१.५७ आली. टायमरकडे पुढचे अंक होते, तरी ते निकालात आले नाहीत आणि दोघींना सुवर्णपदक मिळालं.

आपल्याला जवळचं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचं. मांडवा गावच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८:११.२० मध्ये पूर्ण केली. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५ मध्ये आला. पाच शतांश, म्हणजे त्या वेगाला जेमतेम दीड वीत. तिथं निकाल फोटोफिनिश कॅमेऱ्यानं दिला. हा कॅमेरा रेषेची एक अरुंद फट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा टिपतो आणि त्या उभ्या पट्ट्या शेजारीशेजारी लावून चित्र बनवतो. चित्रातला प्रत्येक पट्टा हा वेगळा क्षण असतो. पंच संगणकावर एक उभी रेघ सरकवून ती धावपटूच्या धडाला टेकवतात आणि वेळ वाचतात. इथंही संगणक फक्त वाचतो. वेळ चित्रात आधीच भरलेली असते.

हाताच्या घड्याळाचा हिशेब वेगळा. रोममध्ये १९६० साली मिल्खा सिंग यांची चारशे मीटरची अधिकृत वेळ ४५.६ होती. विजेच्या यंत्रानं तीच ४५.७३ नोंदवली. वेळ घेणारा माणूस बंदुकीच्या इशाऱ्यावर किंचित उशिरा बटण दाबतो, पण समोरून येणारा धावपटू दिसत असल्यानं रेषेवर जवळपास वेळेवर दाबतो. म्हणून हाताची वेळ सहसा थोडी कमी भरते. शंभर मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरण्याची पद्धत आहे. शाळेच्या क्रीडादिनी ‘बारा पॉइंट दोन’ ऐकून हरखून जाणाऱ्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणजे पुढे सिंथेटिक ट्रॅकवर त्याच मुलीला १२.४४ दिसल्यावर ती खचणार नाही.

रस्त्यावरच्या चिपकडून शतांशाची अपेक्षाच नसते. बॉस्टननं १९९६ साली आपल्या शंभराव्या मॅरेथॉनला बुटाला बांधायची चिप वापरली, तेव्हापासून हजारोंच्या गर्दीत प्रत्येकाला स्वतःची वेळ मिळू लागली. पण मॅट एका रेघेपुरता ऐकत नाही. रेषेच्या अलीकडे-पलीकडे मिळून त्याचं एक क्षेत्र असतं आणि त्यातून जाताना एकच चिप अनेकदा वाचली जाते. म्हणून जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात चिपची वेळ पुढच्या पूर्ण सेकंदावर नेतात. शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, तेव्हा बिब छातीवर सपाट हवा. घडी घातली किंवा वरून पट्टा बांधला, तर चिप मॅटवरून जाऊनही मुकी राहू शकते.

मिरा-भाईंदरच्या छोट्या शर्यतींना, शाळांना आणि रनिंग ग्रुपना यातून घेण्यासारखं बरंच आहे. भारी संगणकाची गरज नाही, जुना लॅपटॉपही पुरेल. पैसे घालायचे तर स्वतःचं घड्याळ, स्मृती आणि बॅटरी असलेल्या पेटीवर घालावेत. रेषेवर चिप वाचणारी एक राखीव पेटी किंवा निदान फोनचा सतत चालू व्हिडिओ असावा आणि त्यात चालतं घड्याळ दिसावं. जनरेटर बंद पडला तरी पेटी चालू राहिली पाहिजे. हे कुणाच्या हौसेसाठी म्हणून सांगत नाही. वयोगटात तिसरा आणि चौथा यांच्यात बक्षिसाचा फरक असतो, आणि चौथ्याला ‘सिस्टीमनं दाखवलं’ एवढंच उत्तर देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला मूळ नोंद दाखवता आली पाहिजे.

आदल्या संध्याकाळी एक तालीम करावी. हातात दहा बिब घेऊन एकानं मॅटवरून चालत जावं, आणि पाचव्या बिबनंतर दुसऱ्यानं मुद्दाम लॅपटॉपची वायर ओढून काढावी. उरलेले पाच बिब तसेच न्यावेत. मग वायर पुन्हा लावून पेटीतल्या नोंदी मागवाव्यात. दहाही ओळी आपापल्या खऱ्या वेळेसह आल्या, तर पहाटे झेंडा दाखवायला हरकत नाही. नऊच आल्या, तर रात्र हाताशी आहे.