दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजताय? आधी गिळण्याची तपासणी करून घ्या

वडगाव मावळ : अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातून म्हाताऱ्या माणसाला कान्हे, तळेगाव नाहीतर लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं, की मागोमाग नातेवाईक चहा, बिस्कीट, शहाळं घेऊन येतात. "सकाळपासून पोटात काही नाही," म्हणत आडव्या पेशंटलाच चमच्याने पाणी पाजतात. माया खरी, पण हेच पाणी जिवावर बेतू शकतं.

नेमकं काय होतं?

घशात अन्ननळी आणि श्वासनलिका शेजारी-शेजारी असतात. घास गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद होतं. अर्धांगवायूचा झटका, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा फार अशक्तपणा आला की हे काम बिघडतं. मग पाणी, अन्न आणि तोंडातले जंतू फुफ्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. झटका आलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना सुरुवातीला गिळायला त्रास होतो. बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत कमी होतो, पण तोवर जपावं लागतं.

आपल्याकडे समज असा, की पातळ ते सोपं. बहुतेक वेळा उलटंच असतं. पाणी, चहा, ताक घशातून पटकन घसरतं, घशाला सावरायला वेळ मिळत नाही. पेजेत पाणी आणि शितं दोन्ही असतात, ते आणखी अवघड.

तपासणी कशी करतात?

पहिल्या तपासणीला मशीन लागत नाही. शिकलेली नर्स किंवा डॉक्टर खाटेजवळच काही मिनिटांत करतात. पेशंट पूर्ण जागा आहे का, ताठ बसतो का, खोकता येतं का, आवाज स्वच्छ आहे का, हे आधी बघतात. मग चमचाभर पाणी देतात. ते जमलं तर साधारण ९० मिली पाणी न थांबता प्यायला सांगतात. ठसका लागला, मध्येच थांबावं लागलं किंवा आवाज घोगरा, ओला झाला, तर तोंडाने देणं थांबवतात. पुढची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. गरज पडली तर काही दिवस नाकातून नळी घालतात.

ही परीक्षा घरी करू नका. काहींना पाणी फुफ्फुसात गेलं तरी ठसका लागत नाही.

नातेवाइकांनी काय करावं?

- झटक्याची शंका आली की पाणी, चहा, गोळी काहीही न देता १०८ ला फोन करा.
- भरती केल्यावर विचारा, "गिळण्याची तपासणी झाली का? तोंडाने काय द्यायचं?"
- घरी जेवताना ठसका, गालात घास राहणं, वारंवार ताप, वजन घटणं असं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.
- खायला परवानगी मिळाली तरी ताठ बसवून, छोटे घास द्या. नंतर अर्धा तास आडवं करू नका.
- दात, जीभ, कवळी रोज स्वच्छ करा.
- गोळी कुटून देण्याआधी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

इंद्रायणीचा मऊ, घोटलेला भात चालेल की आणखी घट्ट-पातळ हवं, हे तपासणीनंतरच ठरतं. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही ते सांगून ठेवा. घरच्यांनी पाळलं आणि पाहुण्याने मायेने घोटभर पाणी पाजलं, तर सगळं पाळलेलं वाया जातं.