पहिलाच गुन्हा आणि वय एकवीसच्या आत: तुरुंगाऐवजी प्रोबेशन कधी मिळतं?

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मोबाईल चोरीत, मारामारीत किंवा कुणाच्या नादाला लागून फसवणुकीच्या केसमध्ये अडकला, की घरात दोनच प्रश्न सुरू होतात. जामीन कधी होणार? शिक्षा किती होणार? तिसरा प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. तो असा: कोर्टानं मुलाला दोषी ठरवलं, तरी तुरुंगात न पाठवता त्याला सुधारण्याची संधी मिळू शकते का?

मिळू शकते. त्यासाठी आपल्या देशात १९५८ पासून कायदा आहे. त्याचं नाव अपराधी परिवीक्षा अधिनियम. कोर्टात सगळे त्याला ‘प्रोबेशन’ म्हणतात. अनेक आई-वडिलांना त्याची माहिती नसते, आणि म्हणून वकिलाला कुणी विचारतही नाही.

प्रोबेशन म्हणजे नेमकं काय?

प्रोबेशन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. गुन्हा सिद्ध झालेला असतो. फक्त कोर्ट लगेच शिक्षा न देता मुलाकडून बाँड लिहून घेतं. त्यात तो कबूल करतो की ठरलेल्या काळात नीट वागेन आणि कोर्टानं बोलावलं की हजर राहीन. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. कोर्ट जामीनदार मागू शकतं, आणि मुलाला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीही ठेवू शकतं. ही देखरेख निदान एक वर्ष चालते.

याहून हलका मार्गही कायद्यात आहे. साधी चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा असेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट नुसती ताकीद देऊनही सोडू शकतं.

ज्याचं नुकसान झालं त्याचा विचारही या कायद्यात आहे. कोर्ट मुलाला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं, आणि ते योग्यच आहे. ज्याचा मोबाईल गेला, त्यानंही तो कष्टाच्या कमाईतून घेतलेला असतो.

एकवीसच्या आतल्यांसाठी खास कलम

कायद्याचं कलम ६ प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावं. दोषी ठरलेल्याचं वय एकवीसच्या आत असेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टानं परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. त्यानंतरही तुरुंगच योग्य वाटला, तर त्याची कारणं निकालात लिहावी लागतात. म्हणजे या वयात प्रोबेशनचा विचार आधी आणि तुरुंग नंतर. कच्च्या वयाचा मुलगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत राहून बाहेर पडला, तर तो आणखी बिघडण्याचा धोका असतो. म्हणून हे कलम केलं आहे.

सुप्रीम कोर्टानं १९६४ मध्ये रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाबाबत हेच कलम लागू करायला लावलं होतं. तोवर खालच्या कोर्टांत त्याचा विचारच झाला नव्हता.

वय मोजताना एक बारीक मुद्दा आहे. रामजी मिसर विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या कलमासाठी गुन्ह्याच्या दिवसाचं वय धरायचं नाही. खालचं कोर्ट शिक्षेबाबत निर्णय देतं, त्या दिवसाचं वय धरायचं. एकोणीसाव्या वर्षी पकडलेल्या मुलाची केस चार वर्षं रेंगाळली, तर कलम ६ चा आधार हातातून जातो. म्हणून तारखा चुकवू नका आणि विनाकारण पुढची तारीख मागू नका. एकवीस ओलांडलं तरी दार बंद होत नाही. कलम ४ खाली कुठल्याही वयात प्रोबेशन मागता येतं, पण तिथे ते देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर असतं.

मुलगा गुन्ह्याच्या दिवशी अठराच्या आत असेल, तर त्याची केस बाल न्याय मंडळापुढे जाते. तो कायदा वेगळा आहे.

कुठे मिळत नाही?

ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तिथे प्रोबेशन नाही. हातापायी आणि हत्यार यांतला फरक मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. चाकू-तलवारीनं गंभीर जखम केली, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. खिशात चाकू ठेवून फिरणारा मुलगा ही संधी एका क्षणात गमावू शकतो.

दुसरी गोष्ट अमली पदार्थांची. एन.डी.पी.एस. कायद्यात अठरा वर्षांवरच्यांना प्रोबेशन जवळजवळ मिळतच नाही. सेवनासारख्या मोजक्या कलमांत सवलत आहे, पण पुड्या विकणाऱ्याला किंवा ‘फक्त पोचवून दे’ असं म्हटल्यावर पोचवणाऱ्याला नाही.

नव्या कायद्यात एक जादा तरतूद आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावली जाते.

अधिकारी चौकशीला येतो तेव्हा

सगळं अडतं ते इथेच. परिवीक्षा अधिकारी मुलाचं घर, शिक्षण, काम, संगत आणि स्वभाव यांची चौकशी करून कोर्टाला अहवाल देतो. काही घरांत त्याला पोलीस समजतात. मोहल्ल्यात बोभाटा नको म्हणून दार उघडत नाहीत, किंवा ‘मुलगा इथे राहत नाही’ असं सांगून मोकळे होतात. इज्जत वाचवायला बोललेलं हे एक वाक्य मुलाला महाग पडू शकतं. मुलाचा किंवा जामीनदाराचा त्या कोर्टाच्या हद्दीत कायम पत्ता किंवा नियमित कामधंदा आहे, याची खात्री कोर्टाला करून घ्यावी लागते.

म्हणून कागद तयार ठेवा: आधार, रेशन कार्ड किंवा भाडेकरार, शाळेचा दाखला, मार्कशीट. मुलगा गॅरेजमध्ये, दुकानात किंवा शिलाईच्या कारखान्यात काम करत असेल, तर मालकाचं पत्र घ्या. शाळेतले सर किंवा मॅडम मुलाला ओळखत असतील, तर त्यांना भेटा. आम्हा शिक्षकांनीही अशा वेळी हात झटकू नयेत. विचारलं तर मुलाबद्दल जे खरं आहे ते सांगावं, जास्त नाही आणि कमीही नाही. मुलाला व्यसन असेल तर ते लपवू नका. त्यावर काय उपचार करणार आहात, ते सांगा.

‘कबूल कर, सुटशील’

मुलगा दोन-तीन महिने आत असला, की कुणीतरी सल्ला देतं: गुन्हा कबूल कर, जेवढे दिवस काढलेस तेवढ्यावर सुटशील. मुलगा घरी येतो, आई शुक्र अदा करते. पण त्याच्या नावावर तुरुंगवासाची शिक्षा कायमची लागते. प्रोबेशनवर सुटलेल्याला कलम १२ चं संरक्षण असतं, म्हणजे दोषी ठरल्यामुळे येणारी कायदेशीर अपात्रता त्याला लागू होत नाही. आत काढलेल्या दिवसांवर सुटलेल्याला हे संरक्षण नाही. मुलानं गुन्हा केलाच नसेल, तर कबूल करण्याचा प्रश्नच नाही. केला असेल आणि कबूल करायचा असेल, तर त्याआधी वकिलाला स्पष्ट विचारा: आमच्या मुलाला प्रोबेशन मिळेल का? तसा अर्ज तुम्ही देणार का?

कलम १२ मुळे दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये केसबद्दल विचारलं असेल, तर खरं लिहा. खरी माहिती दडवली म्हणूनही नोकरी जाऊ शकते.

सुटल्यानंतर

प्रोबेशनच्या काळात मुलानं कुठे राहायचं, नशा करायची नाही, अशा अटी असू शकतात. मुलाला ‘वातावरण बदलायला’ गावी मामाकडे किंवा दुबईला पाठवण्याची घाई करू नका. आधी कोर्टाची परवानगी घ्या. अट मोडली, तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं.

वकिलाचे पैसे नसतील, तर कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे. खालच्या कोर्टात प्रोबेशनचा विचार झालाच नसेल, तर अपिलातही तो मुद्दा मांडता येतो.

कोर्ट संधी देतं ती काही काळापुरती. त्या काळात मुलगा कुणाबरोबर उठतो-बसतो, कामाला वेळेवर जातो का, रात्री कितीला घरी येतो, हे पाहणं घरच्यांकडेच येतं. मोहल्ल्यानंही एवढं करावं: त्याला ‘चोर’ म्हणून हाक मारू नये, आणि जमलं तर काम द्यावं.