फुफ्फुसातला दाब: आधी शस्त्रक्रिया, मग फुगा

५ मेच्या जागतिक पल्मनरी हायपरटेन्शन दिनाच्या निमित्ताने जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक गोळ्यांबद्दल असतं. पण या आजाराचा, म्हणजे फुफ्फुसाच्या धमन्यांतल्या वाढलेल्या दाबाचा, एक प्रकार मुळापासून बरा होऊ शकतो. डॉक्टर त्याला ‘सीटेफ’ म्हणतात. पायातून सुटून फुफ्फुसात अडकलेल्या गुठळ्या काही जणांमध्ये विरघळतच नाहीत. त्या धमनीच्या आतल्या भिंतीत रुजून चिवट होतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांना दाद देत नाहीत. त्यांच्या अडथळ्यापुढे हृदयाची उजवी बाजू हळूहळू थकते.

त्यावरची शस्त्रक्रिया थक्क करणारी आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला स्टुअर्ट जेमिसन यांनी तिला आजचं रूप दिलं. रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेऊन शरीर २० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करतात आणि मग मशीनही थांबवतात. मेंदूचासुद्धा रक्तपुरवठा बंद! कारण श्वासनलिकांच्या धमन्यांतून सतत येणाऱ्या रक्तामुळे सर्जनला धमनीच्या आतलं दिसतच नाही. एका वेळी साधारण २० मिनिटं मिळतात. तेवढ्यात धमनीचा आतला थर गुठळीसकट, फांद्या-उपफांद्यांपर्यंत सोलून काढायचा.

फार बारीक फांद्यांपर्यंत मात्र सर्जनचा हात पोहोचत नाही. तिथे फुग्याची अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनीत फुगा फुगवून ती उघडणं, कामी येते. बोस्टनच्या डॉक्टरांनी १८ रुग्णांवर ती केल्याचं २००१मध्ये प्रसिद्ध केलं, पण नंतर फुफ्फुसात पाणी भरण्याच्या धोक्यामुळे हा मार्ग मागे पडला. जपानमध्ये ओकायामाच्या हिरोमी मात्सुबारा यांच्या चमूने लहान फुगे वापरून, थोड्या थोड्या धमन्या अनेक बैठकांत उघडून तो पुन्हा रुळावर आणला.

आता दोन्हींची सांगड घातली जाते. शस्त्रक्रियेनंतरही दाब उरला, तर पुढे फुगा. जर्मनीत बाड नाउहाइमच्या डॉक्टरांनी तर एकाच ऑपरेशनमध्ये एक बाजू सोलली आणि जिथे सर्जन पोहोचू शकत नव्हता तिथे फुगा वापरला. छाती उघडावी लागत नाही म्हणून फुग्याचं आकर्षण मोठं आहे. तरीही ज्याची गुठळी सर्जनच्या हाताला लागते आणि ज्याला शस्त्रक्रिया झेपते, त्याला केवळ सोपं म्हणून फुग्याकडे वळवणं मला मान्य नाही. जाणकार सर्जनने नकार दिल्याशिवाय तो निर्णय होऊ नये.

ही शस्त्रक्रिया बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात होते. पण तिथवर पोहोचण्याआधीच अनेकांचा दम दम्याच्या नाहीतर हृदयाच्या खात्यावर टाकला जातो. सुमारे चौघांपैकी एकाला आपल्या फुफ्फुसात कधी गुठळी अडकली होती हेही माहीत नसतं. म्हणून पल्मनरी हायपरटेन्शनचं निदान झालेल्या प्रत्येकाने डॉक्टरांना विचारावं: माझा व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचतं ते दाखवणारा) झाला का? हा स्कॅन निर्दोष आला, तर सीटेफ जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं.