चिखलणीचा हिशेब

कोकणात भाताचे वर्ष राब भाजण्यापासून सुरू होते. शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्यात पेटवायचे आणि भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर बी टाकायचे, ही जुनी रीत. आगीत तणाचे बी मरते, राखेतून पालाश आणि सिलिका मिळते, तरवा जोमदार येतो. पण या रीतीला जंगल लागते. एकोणिसाव्या शतकात जंगल खात्याने टहाळ तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे-कुलाब्यातला असंतोष इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. पुढे कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राब निव्वळ अडाणीपणाने जाळला जात नव्हता. तो जे काम करतो ते आगीवाचून कसे करावे, हा खरा प्रश्न होता.

हाच प्रश्न भाताच्या प्रत्येक कामाला विचारता येतो. चिखलणी कशासाठी? मातीची छिद्रे बुजतात, पाणी साठते, तण गुदमरते, आवण लावायला जमीन मऊ होते. त्याची किंमतही आहे. नांगराच्या तळाशी कठीण थर बसतो आणि भातामागून येणाऱ्या वालाच्या मुळांना तो आडवा येतो. शिवाय हवा नसलेल्या चिखलात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी साधारण दहावा भाग जगभरच्या भातखाचरांतून येतो.

या हिशेबाला कोकणात आलेले पहिले महत्त्वाचे उत्तर म्हणजे डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री. रोपवाटिकेत राबाऐवजी भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप काटक होते आणि खोडकिडीला तोंड देते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला, गुंठ्याला सुमारे ३० किलो, खाचरात गाडायचा. लावणी २५ आणि १५ सेंटिमीटर अंतरांची आलटून पालटून. आणि दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी बोटाने खोल खोचायची. पाण्यावर फेकलेल्या युरियातले बरेचसे नत्र हवेत उडते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. गोळीतले मुळांपाशी राहते. हेक्टरी १७० किलो गोळ्या पुरतात. रासायनिक खत वर्ज्य मानणाऱ्याला ही पद्धत अर्धवट वाटेल, पण राख आणि पाला शेतातच तयार करून विकतच्या पिशवीचा भार ती उतरवते.

दुसरे उत्तर मादागास्करहून आले. तिथे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू आंरी द लोलानिए यांनी १९८३च्या सुमारास ‘श्री’ पद्धतीची घडी बसवली. आठ-बारा दिवसांचे कोवळे रोप, एका ठिकाणी एकच, चौफेर २५ सेंटिमीटर अंतर, खत शक्यतो सेंद्रिय आणि खाचर आलटून पालटून ओले-कोरडे. मुळांना हवा मिळाली की फुटवे भरपूर येतात. तिच्या उत्पन्नाच्या अचाट दाव्यांवर २००४ साली शास्त्रज्ञांनी कडक टीका केली, ती विसरू नये. पण बियाणे आणि पाणी यांची बचत कुणालाही खाचरात पाहता येते.

तिसरे उत्तर नेरळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र. कायमचे गादीवाफे, साच्याने पाडलेल्या भोकांत थेट टोकणी, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजतात, गांडुळे वाढतात आणि त्याच वाफ्यावर वाल घेता येतो. कंबर मोडून आवण लावणाऱ्या बायकांचे कष्ट वाचतात. चाकरमानी मुंबईला गेलेल्या गावात तर लावणीला माणूसच मिळत नाही. मात्र चिखल नाही म्हटल्यावर तण उसळते, आणि त्यासाठी या तंत्रात तणनाशकाचा आधार घेतला जातो. नांगर टाकून फवारणी पंप उचलणे ही जमिनीची सुटका की नवी गुलामी, हा वाद मिटलेला नाही.

मग यातले योग्य कोणते? उत्तर जमिनीकडे आहे. आषाढात सखल खाचरातले पाणी काढून टाकायला जागाच नसते. तिथे ‘श्री’चे ओले-कोरडे चक्र कागदावरच राहते. खारजमिनीत तर उभे पाणीच मीठ धुऊन नेते. ते आटवले तर क्षार वर येतो. निचऱ्याच्या जमिनीत गादीवाफा शोभतो, आणि चारसूत्रीतली राख व गिरिपुष्प बहुतेक ठिकाणी चालतात. खाचर कोरडे-ओले करताना मिथेन घटले तरी नत्र जास्त पडले असेल तर नायट्रस ऑक्साइड वाढतो, म्हणून पाणी आणि खत यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो.

सरकारी योजना मात्र अख्ख्या तालुक्याला एकच संच वाटते आणि यश मोजते ते हेक्टरी क्विंटलने. त्या तक्त्यात जमिनीतला सेंद्रिय कर्ब, वाचलेला टहाळ, तण काढायला लागलेले दिवस आणि लावणीत वाकलेल्या बाईची मजुरी हे रकाने यायला हवेत. तोवर शेतकऱ्याने आपल्या एकाच खाचरात, एकच बदल करून, एक हंगाम बघावा. ग्रामसभेत मागणी करायचीच तर अनुदानाच्या संचाआधी गावातल्या खाचरांचा निचरा नोंदवून घेण्याची करावी.