व्यापाराची पाहणी : प्रश्न आधी, पद्धत मागाहून

दैनंदिन व्यवहार अंदाजावर चालतो. कोणता माल कधी भरावा, कोणास किती उधार द्यावे, हे जाणता व्यापारी अनुभवाने ठरवितो आणि बहुधा ते बरोबरही येते. परंतु नवी शाखा उघडावयाची, गिरणी घालावयाची किंवा वडिलार्जित धंद्यात नव्या मालाची भर घालावयाची असे ठरले, म्हणजे केवळ अंदाजावर विसंबणे धोक्याचे होते. अशा वेळी व्यवस्थित पाहणी करावी लागते. आपल्या सभासदांच्या घरांतील तरुण मंडळी आता वाणिज्य व व्यवस्थापन या विषयांच्या पदव्या घेऊन पेढीवर येत आहेत आणि 'सर्व्हे' हा शब्द त्यांच्या तोंडी वारंवार ऐकू येतो. वडीलधाऱ्यांस तो व्यर्थ खर्च वाटतो, तर तरुणांस ती सर्व कुलुपांची किल्ली वाटते. पाहणीच्या निरनिराळ्या पद्धती कोणत्या, त्यांपैकी कोणती केव्हा निवडावी आणि प्रत्येकीत धोका कोठे असतो, याचा उभयतांस उपयोगी पडेल असा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार आजच करण्याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकाधारकांस जानेवारी २०२३ पासून धान्य विनामूल्य मिळू लागले. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे ग्रामीण कुटुंबाच्या दरडोई खर्चात तृणधान्यांचा वाटा २०११-१२ साली सुमारे १०.७ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये (विनामूल्य धान्याची किंमत न धरता) सुमारे ४.९ टक्क्यांवर आला. ज्यांचे सारे भांडवल धान्यात गुंतले आहे, अशा घरांनी पुढील पिढीच्या हाती काय सोपवावयाचे, हा प्रश्न यातून उभा राहतो. मात्र या आकड्यावरून 'लोक निम्मेच धान्य खातात' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वाटा रुपयांतील आहे, किलोंतील नव्हे. एकूण खर्च वाढला म्हणजे वाटा आपोआप घटतो. शिवाय २०२२-२३ च्या पाहणीत माहिती विचारण्याची रीतही बदलली होती. पूर्वी एका भेटीत होणारी विचारपूस तीन भेटींत विभागली गेली. आकडा हाती आला की तो कशाचा, कोणी व कसा मोजला, हे विचारणे ही पाहणीची पहिली शिस्त होय.

प्रश्न नेमका करणे

'धंदा कसा चालेल?' या प्रश्नाला कोणतीही पद्धत उत्तर देऊ शकत नाही. आपण एक उदाहरण घेऊ. आमच्या सुरंगी-सिल्वासा भागातील तांदळाच्या घाऊक व्यापाऱ्याने गव्हाच्या पिठाचा व्यापार जोडीला घ्यावा काय? या एका प्रश्नाच्या पोटात निदान चार प्रश्न आहेत. गहू खाणारी कुटुंबे किती? ती पीठ कोठून व कोणत्या स्वरूपात घेतात, आणि तसेच का घेतात? आपले किरकोळ दुकानदार हा माल ठेवतील काय? आणि आपल्या भावाने तो खपेल काय? यांपैकी पहिला मोजण्याचा प्रश्न आहे, दुसरा समजून घेण्याचा, तिसरा प्रत्येकास विचारण्याचा आणि चौथा प्रत्यक्ष करून पाहण्याचा. चौघांस एकच प्रश्नावली लावणे म्हणजे तेल, तांदूळ व कापड एकाच मापाने मोजणे होय.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ही संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून स्थापन झाली व प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. संस्थेच्या आरंभीच्या पाहण्यांपैकी एक, १९३३ साली प्रसिद्ध झालेली, पुणे शहरातील फळांच्या व्यापाराविषयी होती. साऱ्या हिंदुस्थानच्या शेतमालाचा विषय न घेता एक शहर व एक माल एवढीच मर्यादा तिने स्वीकारली होती. विषय आटोपशीर ठेवला म्हणजे उत्तर पक्के मिळण्याचा संभव वाढतो.

घरची वही व सरकारी छापील आकडे

बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी आपली रोजमेळ व खतावणी उघडावी. गेल्या पाच वर्षांत कोणत्या दुकानदाराची उचल घटली, कोणत्या महिन्यात घटली, कोणता माल पडून राहिला, हे तेथे लिहिलेलेच असते व त्यास छदामही खर्च येत नाही. वहीची मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. जो गिऱ्हाईक आपल्याकडे आला त्याचीच नोंद तीत असते. जो कधी आलाच नाही त्याविषयी ती मौन पाळते.

त्यानंतर छापील आकडे पाहावेत. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २,२०,४९० होती, ती २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ५६ टक्के वाढ. २०११ मध्येच दर हजार पुरुषांमागे स्त्रिया केवळ ७७४ होत्या. या दुसऱ्या आकड्याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट लक्षात घ्यावा. कारखान्यांत कामास आलेले अनेक पुरुष एकटे राहतात. तेव्हा पिठाचा गिऱ्हाईक केवळ घरातील गृहिणी नसून खाणावळही आहे, हे पाहणीस निघण्यापूर्वीच समजते. अर्थात हे आकडे जुने झाले आहेत. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या साली झाली नाही. म्हणून त्यांचा उपयोग दिशा कळण्यापुरता करावा, पिठाची पोती मोजण्यासाठी करू नये.

सर्वांस विचारावे की वानगी घ्यावी?

आपल्या पेढीचे किरकोळ दुकानदार तीस-चाळीस असतील, तर त्यांतून निवड करण्याचे कारण नाही, सर्वांकडे जावे. परंतु हजारो कुटुंबांकडे जाणे शक्य नसते, तेथे वानगी घ्यावी लागते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण सर्वश्रुत आहे. पण भात सारखा शिजला असेल तरच ती खरी ठरते. धान्याच्या थप्पीत दर्शनी पोती चांगली व आतली हलकी असा प्रकार आपल्या व्यापारात नवा नाही. म्हणून जाणता खरेदीदार वरची, खालची व मधली पोती स्वतः निवडून त्यांत सळई घालतो. माणसांची वानगी घेतानाही हाच न्याय लागू आहे. ओळखीच्या दहा घरी विचारणे म्हणजे दर्शनी पोती तपासणे होय.

आमच्या भागात पाडे, कारखान्यांच्या चाळी व नव्या वसाहती असे वेगवेगळे गट करावेत, प्रत्येकातील घरांची यादी करावी आणि चिठ्ठी टाकून किंवा ठराविक अंतराने घरे निवडावीत. 'बाहेरून आलेला तो गहू खाणारा' असे गृहीत धरू नये. ओरिसाकडील माणूस भात खाणारा असतो. चाळीत कामगार पाळीवर गेल्यामुळे कुलूप आढळले, तर ते घर सोडून शेजारच्या घरी न जाता पुन्हा यावे. अन्यथा ज्यांच्याविषयी जाणून घ्यावयाचे तेच वानगीतून गळतात. वानगी किती मोठी असावी, यासही गणित आहे. होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नास नीट निवडलेल्या शंभर घरांवरून मिळणारे उत्तर साधारणतः दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. चारशे घरांवरून मिळणारे पाच टक्के. तात्पर्य, चूक निम्मी करावयाची तर श्रम चौपट लागतात. तेवढ्या सूक्ष्मतेची आपणास गरज आहे काय, हे खर्चापूर्वी ठरवावे.

संख्येने न जाणारी चूक

वानगी वाढविल्याने सर्वच चुका जातात असे मात्र नाही. ही गोष्ट सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पिकाच्या बाबतीत दाखवून दिली. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने आण्यांत बांधीत. त्याऐवजी शेतातील निवडलेला तुकडा कापून उत्पन्न वजन करण्याची रीत आली. तुकडा अगदी लहान घेतला तर उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते, असे सुखात्मे यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले. लहान तुकड्यास क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते आणि कडेवरील झाड आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. असे हजार तुकडे कापले तरी ती चूक हजार वेळा त्याच बाजूस होते. या प्रश्नावर तज्ज्ञांत त्या काळी बराच वाद झाला. परंतु त्यातील बोध आपल्या कामाचा आहे. घाऊक व्यापारी स्वतः दारी जाऊन 'आमचे पीठ घ्याल ना?' असे विचारील, तर भिडेखातर अनेकजण होकार देतील. तेव्हा पुढे घ्याल काय असे न विचारता, गेल्या आठवड्यात काय, किती व कोठून घेतले, असे विचारावे. आणि विचारणारा शक्य तो त्रयस्थ असावा.

एकाच ठिकाणी खोल पाहणे

'का' या प्रश्नास आकडे अपुरे पडतात. तेथे थोड्या ठिकाणी अधिक वेळ बसावे लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एकाच गावाचा कसून अभ्यास केला व तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. परंतु ते गाव पुणे व खडकी यांच्या निकट असल्याने तेथील लोकांस बाहेर रोजगार मिळत होता. सर्व दख्खनी गावे तशी नव्हती. म्हणून त्यांनी श्री. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुकची पाहणी केली, ती १९२१ साली बाहेर आली. एका गावाचे सत्य दुसऱ्या गावास लावण्यापूर्वी दुसरे गाव पाहावे, हा धडा त्यातून मिळतो. आपणही एक खाणावळ, एक पिठाची गिरणी व दोन दुकाने येथे काही दिवस बसून पाहावे. गहू दळून घेणारा पुडीतील पीठ का घेत नाही, हे तेथील संभाषणात जेवढे उघड होते तेवढे छापील प्रश्नावलीत होत नाही.

करून पाहणे

भावाचा प्रश्न मात्र बोलण्याने सुटत नाही. त्यासाठी सारख्या उलाढालीची काही दुकाने घ्यावीत. निम्म्यांत नवा माल ठेवावा, निम्मी पूर्ववत् चालू द्यावीत आणि दोन-तीन महिने विक्री नोंदवावी. सणाचा किंवा पगाराचा हंगाम दोन्हीकडे सारखा असल्यामुळे फरक मालाचाच आहे की काळाचा, हे ओळखता येते. किती विक्री झाली तर पुढे जावयाचे व किती झाली तर थांबावयाचे, हा आकडा प्रयोगापूर्वी लिहून ठेवावा. मागाहून ठरविलेला आकडा मनाच्या इच्छेकडे झुकतो.

अनेक बाजूंनी पाहणे

अनेक पद्धतींचा असा मेळ घालणे आपल्या समाजास परके वाटू नये. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे प्रवर्तक प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या मूलतत्त्वांवर लिहिलेल्या निबंधात जैनांच्या स्याद्वादाचा मुद्दाम विचार केला आणि सप्तभंगीत संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनेशी नाते सांगणारा विचार त्यांना आढळला. विशिष्ट दृष्टीने पाहता वस्तू अशी आहे, इतकेच म्हणण्याचा हा संयम पाहणी करणाऱ्यासही हवा. वही, जनगणना, वानगी, संभाषण व प्रयोग ही प्रत्येकी एकेक दृष्टी आहे. त्या सर्व एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तर भांडवल घालण्यास हरकत नाही. एकमेकींशी विसंगत असतील तर विसंगतीचे कारण शोधावे.

शेवटी खर्चाविषयी. पाहणीचा खर्च निर्णयाच्या जोखमीशी प्रमाणात असावा. जे उत्तर काहीही आले तरी आपला निर्णय बदलणार नाही, त्याच्या पाहणीवर एक पैसाही घालू नये. त्रयस्थाकडून पाहणी करवून घ्यावयाची असल्यास, अहवाल किती पानांचा होईल हे न विचारता घरे कशी निवडली, कुलूपबंद घरांचे काय केले आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारले, हे विचारावे. आपल्या तरुण मंडळींनी हे काम हाती घ्यावे व वडीलधाऱ्यांनी त्यांस पेढीच्या वह्या मोकळ्या कराव्यात. दोन्ही पिढ्यांचे ज्ञान एका पाहणीत उतरले, तर घराच्या भांडवलाचे रक्षण होऊन नव्या धंद्याची वाटही सापडेल.